बसला होता, तरी मेला

गणपतीचा तिसरा दिवस. दुपारची पंगत उठली होती, आणि पडवीत तीन लॅपटॉप, एक जुना राउटर आणि हात धुऊन थेट तिथेच येऊन बसलेली तीन पोरं होती. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, खेळ त्याने बनवलेला. शेजारचा त्याचा मित्र, खेळातल्या किल्ल्याचा चिरा न् चिरा त्याने रचलेला. तिसरा माझा डोंबिवलीचा पुतण्या, आदल्याच आठवड्यात तुतारीने कुडाळला उतरलेला. त्याच्याकडे काम एकच: खेळायचं आणि नावं ठेवायची.

अर्ध्या तासात तो चारदा मेला, तेव्हा गप्प होता. पाचव्यांदा मात्र ओरडला.

"काका, मी बसलो होतो! पूर्ण भिंतीच्या आड होतो, तरी डोक्यात गोळी?"

"नेट गेलां आसतलां," भाचा पडद्यावरून नजर न काढता म्हणाला.

माझी पोटापाण्याची विद्या हीच. पुण्यात सहा वर्षं खेळातल्या पात्रांना चालवणं, पळवणं, बसवणं हेच काम केलं, आता मालवणात बसून तेच करतो. 'बसलो होतो तरी मेलो' ही तक्रार इतक्यांदा ऐकली आहे की ऐकताना जांभई येते. बहुतेक वेळा खेळणाऱ्याची शेंडी बाहेर राहिलेली असते, नाहीतर नेट खरंच रडत असतं. या वेळी दोन्हीपैकी काहीच नव्हतं. विसर्जनापर्यंतचे चार दिवस आम्ही त्या एका गोळीमागे होतो, त्याची ही हकिगत.

किल्ला आणि त्यातला माणूस

खेळाचा नकाशा म्हणजे एक जलदुर्ग. नाव दिलेलं नाही, पण बांधा सिंधुदुर्गावरून उचललेला आहे हे मालवणातलं शाळकरी पोरसुद्धा सांगेल. कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात पायाभरणी झालेला हा किल्ला आमच्या जेट्टीवरून रोज दिसतो. पावसात होड्या बंद असतात, म्हणून मोजमाप मे महिन्यात उरकलं. भर उन्हात भाचा फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, टेप धरून बसला होता, मित्र वहीत आकडे लिहीत होता, आणि मी सावली शोधत होतो.

तिथे एक गोष्ट लक्षात आली. तटाच्या चऱ्यांमधल्या जंग्या, म्हणजे बंदूक रोखायची भोकं, उभ्या माणसासाठी नसतातच. भोक कमरेच्या आसपास, आणि बाहेरच्या बाजूला खाली उतरत गेलेलं, म्हणजे तटाच्या पायथ्याशी आलेल्यावर नेम धरता यावा. डोळा त्या भोकाला लावायचा तर गुडघे टेकावेच लागतात. उभं कधी राहायचं आणि बसायचं कधी, हे गवंड्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी ठरवून ठेवलंय. भाच्याने तिथेच ठरवलं की खेळही यावरच चालवायचा.

शूटर खेळात 'पात्र बसलं' असं आपण सहज म्हणतो, पण तिथे एक देह नसतो, चार असतात. एक दिसणारा देह, म्हणजे हाडांच्या सांगाड्यावर चढवलेलं कातडं आणि कपडे. दुसरा धडकणारा देह, औषधाच्या कॅप्सूलसारखी एक उभी अदृश्य गोळी. भिंतीला तीच अडते, पायरी तीच चढते, बाकीचं शरीर तिच्या आत नुसतं नाचत असतं. तिसरा लागणारा देह: डोकं, छाती, दंड, मांड्या अशा हाडाहाडाला बांधलेल्या पेट्या, ज्यांना हिटबॉक्स म्हणतात. बंदुकीची गोळी बघते ती फक्त या पेट्या. चौथा म्हणजे डोळा, खेळणाऱ्याचा कॅमेरा. बसण्याचं बटण दाबलं की चौघांनी मिळून खाली यायचं असतं. बहुतेक खेळांत ते एकत्र येतात असं वाटतं, एवढंच.

भाच्याच्या खेळातले आकडे इथेच सांगतो, पुढे लागतील. उभ्या पात्राची कॅप्सूल १.८ मीटर, बसलेल्याची १.१. डोक्याची पेटी उभं असताना १.६२ मीटरवर, बसल्यावर १.०२ वर. तटाचा कठडा १.३ मीटर. म्हणजे बसलेला माणूस कठड्याआड पूर्ण झाकला जायला हवा.

तक्रारीपर्यंत येण्याआधी या चार देहांनी पोरांना बरंच छळलं होतं. खेळ युनिटीत, म्हणजे खेळ बनवायच्या एका तयार इंजिनात, बनवलेला. तिथे पात्राला जी तयार कॅप्सूल मिळते ती आपोआप ०.३ मीटर उंचीची पायरी चढते, आकडा बदलला नाही तर. ऑफिसातल्या जिन्याला हे चालतं. पण फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर, आणि किल्ल्यावरच्या पायऱ्या कुठे फूट तर कुठे सव्वा फूट. पहिल्याच दिवशी आमचा मावळा तिसऱ्या पायरीला नाक लावून जागच्या जागी पळत राहिला.

मग बसण्याचा घोळ. कॅप्सूलची उंची १.८ वरून १.१ केली आणि तिचा मध्यबिंदू होता तिथेच ठेवला, तर ती वरून ३५ सेंटिमीटर आणि खालूनही ३५ सेंटिमीटर आक्रसते. खालचं टोक हवेत उचललं गेलं की गुरुत्वाकर्षण आपलं काम करतं, आणि मावळा पोटऱ्यांपर्यंत जांभ्यात रुततो. उपाय सोपा: उंची कमी कराल तितक्याच्या निम्म्याने मध्यबिंदू खाली आणा. गंमत अशी की हवेत असताना नेमकं उलटं हवं असतं. १९९८ च्या हाफ-लाइफ या शूटर खेळापासून, आणि त्याच्यावरच उभ्या राहिलेल्या काउंटर-स्ट्राइकमध्ये, उडी मारून हवेत बसलं की डोकं खाली येत नाही, पाय वर ओढले जातात, आणि एरवी न चढता येणारं खोकं चढता येतं. पुतण्याने कुणी न सांगता पाच मिनिटांत उडी मारून हवेत बसायचा प्रयत्न केला आणि 'चढत नाही' म्हणून पहिली तक्रार नोंदवली. ती आम्ही मान्य केली.

दिंडीचा किस्सा मात्र सांगायलाच हवा. खेळातल्या महादरवाज्याला एक दिंडी आहे, वाकून आत शिरायची. पोरांनी बसून आत शिरायचं लिहिलं, पण आत मध्येच बटण सोडलं तर काय, हे लिहिलं नाही. बटण सुटलं की १.१ मीटरची कॅप्सूल एका क्षणात १.८ ची झाली, अर्धी दगडात घुसली, आणि दगडाबाहेर पडायचा जवळचा रस्ता इंजिनाने आपल्या बुद्धीने शोधला. तो रस्ता तटाच्या पलीकडे होता. मावळा थेट समुद्रात. म्हणून उठण्याआधी डोक्यावर जागा आहे का हे तपासायचं असतं, आणि नसेल तर बटण सुटलं तरी पात्राला बसलेलंच ठेवायचं. अनरियल इंजिनाच्या तयार पात्रात ही तपासणी आधीच घातलेली असते. आपण स्वतः लिहायला घेतलं की मगच कळतं की उठणं हे बसण्यापेक्षा अवघड काम आहे.

चार संशयित

आता त्या गोळीकडे. प्रसंग असा: भाचा दक्षिणेच्या बुरुजावर. पुतण्या दरवाज्याजवळच्या फांजीवर, कठड्याआड बसलेला. शेजारच्याने समोरच्या बुरुजावरून एक बार टाकला, गोळी कठड्याच्या वरून गेली, आणि पुतण्या मेला. खेळाने नोंद केली: डोक्यात.

पहिला संशय नेटवर, रिवाजाप्रमाणे. पण तिघं एकाच राउटरवर होते. तरीही वायफाय काढून केबल लावली, दोन तास खेळवलं, आणि तसंच मरण पुन्हा दोनदा आलं. नेट सुटलं.

दुसरा संशय भिंतीवर. खेळात दिसणारा चिरा वेगळा आणि गोळी अडवणारा चिरा वेगळा असतो. दिसणारा १.३ मीटर आणि अडवणारा १.१ असला, तर सगळं कोडं सुटतं. शेजारच्याला हा संशय आपल्या रचनेवरचा घाव वाटला. त्याने जेवणही न करता सगळ्या कठड्याच्या अदृश्य पेट्या रंगवून दाखवल्या. दोन्ही चिरे जुळत होते.

तिसरा संशय कॅप्सूलवर. ती हिरव्या तारेने रंगवली. तिन्ही लॅपटॉपवर पुतण्या बसला की हिरवी तार निमूटपणे खाली येत होती. इथे आमचा अर्धा दिवस वाया गेला, कारण हिरवी तार बघून मीसुद्धा म्हणालो, "देह बरोबर बसतोय." गोळी तो देह बघतच नाही, हे दहा मिनिटांपूर्वी पोरांना सांगणारा मीच होतो.

मग हाडांवरच्या पेट्या लाल रंगवल्या. आणि दोषच नाहीसा झाला. भाच्याच्या लॅपटॉपवर युनिटीचं एडिटर उघडं ठेवून बघितलं की लाल पेट्या अगदी शिस्तीत खाली. गोळी वरून जाते, पुतण्या जिवंत. एडिटर बंद करून तयार बिल्ड, म्हणजे खेळणाऱ्याला द्यायची प्रत, चालवलं की पुन्हा मरण. बघायला गेलं की नाही, न बघितलं की आहे.

"काका, भूत आहे," पुतण्या म्हणाला. वास्तविक त्याने उत्तरच सांगितलं होतं.

रात्री भजनाची मंडळी गेल्यावर मी एक साधी गोष्ट केली. भाच्याचा लॅपटॉप होस्ट होता, म्हणजे कुणाची गोळी कुणाला लागली हा निवाडा त्यावर होत असे. त्या लॅपटॉपला सांगितलं की पडद्यावर काही दाखवू नकोस, फक्त प्रत्येक फ्रेमला, म्हणजे खेळाच्या प्रत्येक चित्रागणिक, पुतण्याच्या डोक्याच्या पेटीची उंची एका फायलीत लिही. पुन्हा तोच प्रसंग घडवला. पुतण्या बसला. फायलीत ओळीने: १.६२, १.६२, १.६२, १.६२. पुतण्या बसूनच होता, तरी १.६२. मग भाच्याला म्हटलं, आता मान वळवून त्याच्याकडे बघ. पुढच्याच ओळीला १.०२.

भाचा बघत नव्हता तोवर पुतण्याचं डोकं कठड्याच्या वर उभं होतं.

कारण असं. पात्राचा सांगाडा दर फ्रेमला हलवणं हे खर्चाचं काम आहे, म्हणून इंजिनात एक काटकसरीची सोय असते: जे पात्र कॅमेऱ्याच्या टप्प्यात नाही त्याची हाडं हलवू नकोस. दिसतच नाही तर कशाला? युनिटीतल्या पात्रावर ही सोय चालू होती, आणि ती तपासून बघणं आमचं काम होतं, आम्ही केलं नव्हतं. दिसण्यापुरतं ती अगदी शहाणी आहे. पण आमच्या पेट्या त्याच हाडांना बांधलेल्या, आणि निवाडा करणारा लॅपटॉप एका खेळाडूचाही होता. तो खेळाडू समुद्राकडे तोंड करून बसला की त्याच्या पाठीमागचे सगळे जण शेवटच्या पवित्र्यात थिजून जात. कॅप्सूल मात्र हाडांना बांधलेली नसते, ती आज्ञेवर चालते, म्हणून हिरवी तार आम्हाला फसवत राहिली. आणि एडिटरमध्ये दोष का दिसेना, तर एडिटरची दुसरी खिडकीही एक कॅमेराच असते. तिच्यात पुतण्या दिसत होता, म्हणून हाडं जागी होती. आपल्याकडे दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती इतकी शब्दशः मी कधी बघितली नव्हती.

दोघंच खेळत असताना महिनाभर हे का दिसलं नाही, तेही उलगडलं. होस्ट गोळी झाडत असेल तर तो सावजाकडे बघतच असतो. होस्ट स्वतःच सावज असेल तर त्याचा देह त्याच्या कॅमेऱ्याला चिकटलेला, म्हणून जागा. तिसरा माणूस लागत होता, आणि तिसरा माणूस चाकरमानी, गणपतीलाच येतो.

उपाय एका ओळीचा: होस्टवर हाडं कायम हलवत राहा. तीन पात्रांना याचा खर्च नगण्य. शंभर जणांच्या खेळात एवढं सोपं उत्तर चालत नाही, आणि ज्या सर्व्हरला पडदाच नसतो तिथे 'दिसतंय तेवढंच हलव' म्हणजे कुणीच हलणार नाही. त्यामुळे तिथे लागणारा देह दिसणाऱ्या देहापासून वेगळा, हलका ठेवण्याची धडपड असते.

नऊ फ्रेमचं अंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या परत मेला. पण आता क्वचित, आणि फक्त घाईत बसताना.

या वेळी पडद्याचं रेकॉर्डिंग घेतलं, सेकंदाला साठ फ्रेम, आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत मोजलं. बटण दाबल्यापासून पुतण्याचा कॅमेरा नवव्या फ्रेमला पूर्ण खाली. दिसणारा आणि लागणारा देह मात्र अठराव्या फ्रेमला. मधल्या नऊ फ्रेम, म्हणजे ०.१५ सेकंद, पुतण्याच्या डोळ्यासमोर फक्त जांभा आहे आणि त्याची टाळू मात्र कठड्याच्या वर. त्याच्या लेखी तो बसलाय. किल्ल्याच्या लेखी तो अजून वाकतोय.

भाच्याने हे मुद्दाम केलं होतं. कॅमेरा झटक्यात खाली आला की खेळ चपळ वाटतो, आणि देह हळू आला की बाहेरून बघणाऱ्याला माणूस बसल्यासारखा दिसतो, लिफ्ट उतरल्यासारखा नाही. दोन्ही हेतू चांगले, एकत्र केले की लबाडी. आता दोन वाटा होत्या. देहही नऊ फ्रेममध्ये आणायचा, तर पोरं बटण बडवून उठाबशा काढतात आणि डोक्यावर नेमच धरता येत नाही. काउंटर-स्ट्राइकच्या 'ग्लोबल ऑफेन्सिव्ह' या आवृत्तीत यावर तोड म्हणून लागोपाठ बसलं की पुढचं बसणं मंद होत जातं. दुसरी वाट, कॅमेराच डोक्याच्या पेटीला बांधायचा. डोकं जिथे, डोळा तिथे. आम्ही दुसरी घेतली आणि वेळ चौदा फ्रेमवर आणला. पुतण्याचा शेरा: "जड वाटतंय." वाटू दे, म्हटलं.

डोळा आणि बंदुकीची नळी यांचंही भांडण असतं. काउंटर-स्ट्राइकमध्ये गोळी नळीतून नाही, डोळ्यातून निघते. हातातली बंदूक नुसती दाखवायची. त्यामुळे जिथून दिसतं तिथून मारता येतं. भाच्याने खरेपणाच्या हौसेने नळीतून गोळी काढली होती, आणि जंगीतून स्पष्ट दिसणाऱ्या शत्रूवर झाडलेला प्रत्येक बार भोकाखालच्या चिऱ्यावर फुटत होता. डोळ्यापेक्षा नळी वीसेक सेंटिमीटर खाली होती ना. शेवटी बंदूक जंगीत टेकवायची वेगळी हालचाल केली, तिच्यात नळी भोकातून बाहेर येते. हे काम दिवसभराचं, आणि माझ्या मते खेळातलं सगळ्यात देखणं.

बसावं कशाला

दोष गेले, पण वेगळंच उघडं पडलं. आमच्या शोधाच्या तिसऱ्या दिवसापासून कुणी बसेचना. तिघं पळत पळत बार टाकत होते आणि नेम तितकाच लागत होता. बसण्याला किंमत होती, वेग घटत होता, पण बदल्यात काही मिळत नव्हतं. तोट्याचा धंदा कोण करणार?

या बाबतीत काउंटर-स्ट्राइकचा हिशेब नीट बघण्यासारखा आहे. हातात चाकू असताना तिथला माणूस सेकंदाला २५० एकक पळतो, एके-४७ घेतल्यावर २१५. आवाज न करता चालायचं तर पळण्याच्या ५२ टक्के वेग, बसून सरकायचं तर ३४ टक्के. आणि पळता पळता मारलेली गोळी कुठेही जाते. म्हणून मुरलेले खेळाडू डावीकडे पळत असताना क्षणभर उजवीकडचं बटण दाबतात, वेग झटक्यात शून्याजवळ येतो, आणि त्या क्षणी बार टाकतात. थांबणं हीच तिथे खरी हालचाल. व्हॅलोरंट २०२० मध्ये आला तोही याच वळणाचा. उलट टायटनफॉलसारख्या खेळांत भिंतीवरून धावत मारणं हेच कसब, तिथे थांबला तो संपला. दोन्ही चांगले आहेत. पण आमच्या पोरांनी अर्धा याचा अर्धा त्याचा घेतला होता.

जाता जाता: तिरकं पळताना, म्हणजे पुढचं आणि बाजूचं बटण एकदम दाबल्यावर, त्यांचा मावळा दीडपटीच्या जवळपास पळत होता. दोन बाणांची बेरीज तशीच सोडली की १.४१ पट वेग मिळतो. १९९३ च्या डूममध्येही तिरकं पळून वेग वाढवायची युक्ती होती, त्यामुळे पोरांना फार लाजायचं कारण नव्हतं.

वाद झाला तो पालथं पडण्यावरून. ही पोरं पब्जीवर वाढलेली. २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती, आणि पुढच्या वर्षी जुलैत बीजीएमआय, म्हणजे पब्जीचंच भारतीय रूप, आल्यावर पुन्हा सुरू. तिथे गवतात पालथं पडून शेवटचं वर्तुळ काढणं हा हक्क आहे. पुतण्याला तो इथेही हवा होता.

मी विरोधात होतो, आणि माझी कारणं आधी तांत्रिक होती. उभं आणि बसलेलं यांना एकच कॅप्सूल पुरते, लांब किंवा आखूड. पालथ्या माणसाला ती आडवी लागते. आडवा माणूस जागेवर वळला की त्याचे पाय पावणेदोन मीटरच्या त्रिज्येने झाडूसारखे फिरतात, आणि अरुंद फांजीवर ते कठड्यातून पलीकडे निघतात. पलीकडून शेजारचा भिंतीतून बाहेर आलेल्या त्या पायांवर नेम धरून बसतो. मग वळण्यावर बंदी घाला, नाहीतर पाय दुमडा, उतारावर देह तिरपा करा. एका पवित्र्यासाठी महिनाभराचं काम.

निकाल मात्र भाच्याने लावला, आणि वेगळ्याच बाजूने.

"बार कसो भरतलंय?" त्याने पुतण्याला विचारलं.

तोड्याची बंदूक तोंडाकडून भरायची असते. नळी उभी धरायची, दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. पालथं पडून हे करायचं तर दारू नाकात जाईल. बसूनसुद्धा सोपं नाही, बंदूकच माणसाच्या छातीएवढी. तिथल्या तिथे ठरलं: पालथं नाही, आणि बार भरायला उठावंच लागेल.

या एका नियमाने खेळ फिरला. बसून जंगीतून मारायचं, नेम पक्का. पण बार एकच. मग उठायचं, आणि भरेपर्यंत डोकं कठड्याच्या वर. समोरचाही तेच करतोय, म्हणून त्याचा बार वाजला की आपण उठायचं. पोरं बार मोजायला लागली. तोंडाने मोजायला लागली. पळत सुटणारा पुतण्या एका जंगीपाशी तीन-तीन मिनिटं गुडघे टेकून बसलेला मी या डोळ्यांनी बघितला. शाळेत असा कधी बसला नसेल.

डोंबिवलीहून

विसर्जन झालं, चाकरमानी परतले. पोरांनी खेळ इंटरनेटवरून चालेल असा केला. होस्ट मालवणातच, भाच्याकडे. आता डोंबिवलीतून पुतण्या जे बघतो ते किंचित जुनं असणार, म्हणून भाच्याने विलंबाची भरपाई लिहिली: पुतण्याचा बार होस्टकडे पोचला की होस्टने सगळ्यांना तेवढ्या क्षणापुरतं मागे न्यायचं, जिथे पुतण्याला ते दिसत होते तिथे, आणि मग गोळी लागली का ते बघायचं. मोठे खेळ वर्षानुवर्षं हेच करतात. याचमुळे त्यांच्यात भिंतीआड पोचल्यावरही मरण येतं, आणि ते चूक नसून कुणाच्या बाजूने अन्याय करायचा याची निवड असते.

तुळशीच्या लग्नाच्या आधल्या रात्री पुतण्याचा फोन आला. भाचा माझ्याकडेच होता, खेळताना कान लावून बसलेला.

"काका, तो उभा होता! बार भरत होता, मी बरोबर डोक्यात मारली, तो बसला, आणि मेलाच नाही!"

मी सवयीने "नेट..." म्हणायला तोंड उघडलं. भाच्याने हाताने गप्प केलं आणि होस्टची फाईल उघडली. जिच्या आधारे तो सगळ्यांना मागे नेत होता ती. दर फ्रेमला एक ओळ, ओळीत तीन रकाने: वेळ, जागा, तोंडाची दिशा.

माणूस मागे जात होता, पण जाताना आत्ताचा पवित्रा घेऊन जात होता. बसलेलाच मागे जाऊन उभा राहायच्या जागी बसत होता, आणि गोळी डोक्यावरून निघून जात होती.

"चौथो रकानो व्हयो," भाचा म्हणाला, आणि टाइप करायला लागला. फोनवर पुतण्या अजून ओरडतच होता.